विंबल्डनची हिरवळ

नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमच्या हिरवळीवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांच्या क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला, ही गोष्ट त्या वस्तीतील आबालवृद्धांच्या स्मरणात दीर्घकाळ राहील. त्या दिवशी पावसाने सामना उशिरा सुरू झाला, आणि दक्षिण आफ्रिकेचा शेवटचा गडी बाद होऊन ५२ धावांचा विजय पदरी पडला तेव्हा मध्यरात्रीचा सुमार झाला होता. हिरवळ, पाऊस, अंतिम सामना आणि स्त्रियांचा पराक्रम या चार गोष्टी त्या रात्री एके ठिकाणी आल्या.

या चारही गोष्टी जिच्या इतिहासात पदोपदी भेटतात, अशी एक स्पर्धा साता समुद्रांपलीकडे आहे. ती म्हणजे लंडनजवळच्या विंबल्डन येथील टेनिसची स्पर्धा. टेनिसच्या साऱ्या स्पर्धांत ती सर्वांत जुनी, आणि हिरवळीवर खेळल्या जाणाऱ्या मोठ्या स्पर्धांत तर ती आता एकटीच उरली आहे. आषाढाच्या सुमारास, बाहेर पावसाची झड लागली असता, नेरूळच्या कित्येक घरांतून ती दूरदर्शन संचावर भक्तिभावाने पाहिली जाते. परंतु नेरूळच्या त्या रात्रीच्या आधी ९१ वर्षे, म्हणजे १९३४ साली, महाराष्ट्रातील एका विदुषीच्या कन्येने याच विंबल्डनच्या हिरवळीवर एक सामना जिंकला होता, हे त्या प्रेक्षकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तो अंतिम सामना नव्हता. पहिल्याच फेरीतला होता. तरीही त्याची योग्यता समजून घ्यावयाची, तर आधी त्या हिरवळीची आणि तीवरील अंतिम लढतींची ओळख करून घेतली पाहिजे.

टेनिस हा खेळ मूळचा बंदिस्त दालनातला, राजेरजवाड्यांचा. तो उघड्यावर, गवतावर आला याचे श्रेय कोणा खेळाडूपेक्षा दोन यंत्रकर्त्यांच्या शोधांस अधिक द्यावे लागेल. १८३० साली एडविन बडिंग याने गवत एकसारखे कापणारे यंत्र काढले, आणि पुढे गंधकाची प्रक्रिया करून टणक केलेल्या रबराचा चेंडू निघाला. जुना चिंध्यांचा चेंडू गवतावर उसळतच नसे. रबराचा उसळू लागला. मग १८७४ साली मेजर वॉल्टर विंगफील्ड या इंग्रज गृहस्थाने जाळे, खुंट्या, रॅकेट व चेंडू असा सारा संसार एका पेटीत घालून विकण्यास आरंभ केला. त्याने या खेळास एक अवजड ग्रीक नाव दिले होते, ते अर्थातच टिकले नाही. त्याचे मैदान मध्ये चिंचोळे आणि दोन्ही टोकांस रुंद असे होते, तेही टिकले नाही. टिकला तो खेळ.

विंबल्डन येथे क्रोके या खेळासाठी १८६८ साली स्थापन झालेला एक क्लब होता. क्रोकेची हौस ओसरू लागली तेव्हा त्या मंडळींनी आपल्या हिरवळीचा एक भाग टेनिसला दिला, आणि १८७७ च्या जुलै महिन्यात पहिली स्पर्धा जाहीर केली. मैदान फिरविण्याचा रूळ नादुरुस्त झाला होता व त्याच्या डागडुजीस पैसा हवा होता, म्हणून ही स्पर्धा भरविली असे सांगतात. एक गिनी प्रवेशमूल्य भरून २२ पुरुष उतरले. त्यासाठी हेन्री जोन्स व त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी जे नियम बसविले, त्यांतील मैदानाची लांबी ७८ फूट आणि रुंदी २७ फूट ही मापे आजतागायत बदललेली नाहीत. हा जोन्स पत्त्यांच्या व्हिस्ट या डावावरील अधिकारी लेखक म्हणून प्रसिद्ध होता. पत्त्यांच्या पंडिताने टेनिसची घटना लिहावी, हा योग मोठा गमतीचा खरा. परंतु दीडशे वर्षे टिकणारे नियम लिहिण्यास हिशेबी डोके लागते, आणि ते त्यास होते.

त्या पहिल्या स्पर्धेचा अंतिम सामना ठरल्या दिवशी झाला नाही. आधी ईटन व हॅरो या दोन शाळांच्या क्रिकेट सामन्यासाठी टेनिसला सुटी देण्यात आली, कारण त्या दिवशी टेनिस पाहावयास कोण येणार? नंतर पावसाने खोळंबा केला. अखेर १९ जुलैस सुमारे २०० प्रेक्षकांनी प्रत्येकी एक शिलिंग देऊन तो सामना पाहिला, आणि स्पेन्सर गोर याने विल्यम मार्शलला ६-१, ६-२, ६-४ असे अवघ्या ४८ मिनिटांत हरविले. गोरची युक्ती साधी होती. त्या वेळचे जाळे दोन्ही खांबांशी पाच फूट उंच असे आणि मध्यभागी बरेच खाली येई. त्यामुळे सगळे खेळाडू चेंडू मधूनच मारीत. गोर पुढे येऊन जाळ्यापाशी मध्यावर उभा राही आणि चेंडू जमिनीस लागण्यापूर्वीच परतवी. पुढच्या वर्षी फ्रँक हॅडो नावाचा, सिलोनात कॉफीचे मळे राखणारा एक तरुण रजेवर आला होता. त्याने गोरच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकण्यास आरंभ केला, आणि जाळ्यापाशी उभ्या असलेल्या गोरला मागे धाव धाव धावावे लागले. हॅडो जिंकला आणि सिलोनात आपल्या मळ्यावर परत गेला. जिंकलेले पद राखण्यासाठी तो पुढील वर्षी आलाच नाही. एकीकडे पुढे येऊन हल्ला आणि दुसरीकडे त्यास उत्तर म्हणून उंच फेक, अशी जी जोडी या दोन वर्षांत जमली, ती टेनिसमध्ये अद्याप चालू आहे. गोरला स्वतःला मात्र हा खेळ क्रिकेटच्या मानाने कंटाळवाणा वाटे, आणि तसे त्याने पुढे लिहूनही ठेविले.

स्त्रियांची स्पर्धा १८८४ साली सुरू झाली. तेरा जणी उतरल्या, आणि अंतिम सामना मॉड व लिलियन वॉटसन या दोन सख्ख्या बहिणींत झाला. धाकटी मॉड जिंकली. तीन वर्षांनी लॉटी डॉड ही पंधरा वर्षांची मुलगी विजेती झाली.

त्या काळच्या अंतिम सामन्याची रीत आजच्याहून निराळी होती. आपल्याकडील कुस्तीच्या फडात मानाची जोड शेवटी लागते, आणि नाव मिळविलेला मल्ल तोवर अंगाला माती न लावता बसून असतो. विंबल्डनमध्ये थेट तसेच चाले. गतवर्षीच्या विजेत्याने आधीच्या फेऱ्या खेळावयाच्या नसत. बाकीच्यांनी आपसांत लढावे, त्यांतून जो उरेल त्याने या ताज्या दमाच्या विजेत्यास आव्हान द्यावे. ही पद्धत १९२२ साली बंद झाली, आणि त्याच वर्षी स्पर्धा जुन्या जागेवरून चर्च रोडवरील सध्याच्या जागी आली. नव्या जागेचे स्वागत पावसाने इतके मनापासून केले की, त्या वर्षी स्पर्धेचा एकही दिवस कोरडा गेला नाही.

जुन्या पद्धतीच्या अखेरच्या वर्षांतला १९१९ चा स्त्रियांचा सामना मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. महायुद्धामुळे चार वर्षे स्पर्धा झाली नव्हती. १९१४ ची विजेती डोरोथिया लँबर्ट चेंबर्स हिने तोवर सात वेळा हे पद मिळविले होते. आता तिचे वय ४० होते. तिच्यासमोर उभी होती वीस वर्षांची फ्रेंच मुलगी सुझान लाँग्लेन. लाँग्लेन लहानपणापासून मातीच्या मैदानावर वाढलेली. गवतावर स्पर्धेत खेळण्याची तिची ही पहिलीच वेळ. एकीचा घोळदार झगा आणि मनगटापर्यंतच्या बाह्या, तर दुसरीचा झगा पोटरीपर्यंत आणि हात उघडे, हे पाहूनच कित्येक प्रेक्षकांचा श्वास अडकला असेल. राजा पंचम जॉर्ज व राणी मेरी उपस्थित होती. पहिला सेट लाँग्लेनने १०-८ असा घेतला, दुसरा चेंबर्सने ६-४. मधून मधून लाँग्लेन वडिलांनी दिलेल्या ब्रँडीचे घोट घेत होती. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्स ६-५ अशी पुढे गेली, आणि त्या गेममध्ये गुण झाले ४०-१५. आता दोनपैकी एक गुण मिळाला की सामना संपला. पहिल्या गुणावर लाँग्लेनने कसाबसा हात लांबविला. चेंडू रॅकेटच्या तातीवर न बसता लाकडावर बसला आणि जाळ्यावरून पलीकडे जाऊन पडला. दुसरा गुणही गेला. अखेर ९-७ असा सेट घेऊन लाँग्लेन विजयी झाली, आणि चेंबर्सला ते पद पुन्हा कधीही मिळाले नाही.

याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, १४ जुलै २०१९ रोजी, त्याच स्पर्धेच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात वयाच्या अडतिसाव्या वर्षात असलेला रॉजर फेडरर पाचव्या सेटमध्ये ८-७ असा पुढे होता, सर्व्हिस त्याच्याच हाती होती, आणि गुण होते ४०-१५. त्याचेही दोन्ही गुण गेले. नोव्हाक जोकोविचने तो सामना ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा जिंकला. चार तास ५७ मिनिटे चाललेल्या या लढतीत फेडररने एकंदर २१८ गुण मिळविले होते, जोकोविचने २०४. ज्याचे गुण चौदांनी अधिक तो हरला. टेनिसच्या मोजणीचे मर्म यातच आहे. क्रिकेटमध्ये धावा साठत जातात, पहिल्या षटकातील धाव शेवटच्या षटकातही कामास येते. टेनिसमध्ये गेम संपला की त्यातील गुण, आणि सेट संपला की त्यातील गेम, पुसले जातात. सगळे गुण सारखे दिसतात, परंतु सारखे नसतात. त्यामुळे हरत आलेल्यास शेवटच्या क्षणापर्यंत वाट मोकळी राहते, आणि जिंकत आलेल्यास शेवटच्या क्षणापर्यंत निर्धास्त होता येत नाही.

या दोघांत आणखीही एक फरक होता, आणि तो नियमाचा. १९१९ साली दोन गेमची आघाडी मिळेतो सेट चालू राही, त्यास सीमा नव्हती. या निःसीमतेची परमावधी २०१० साली पहिल्या फेरीतील एका सामन्यात झाली. जॉन इस्नर व निकोला माहू यांचा तो सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला, आणि त्याचा शेवटचा सेट ७०-६८ असा संपला. तेव्हा कोठे कारभाऱ्यांचे मन द्रवले. २०१९ पासून १२-१२ झाल्यावर, आणि २०२२ पासून ६-६ झाल्यावरच, टायब्रेकरने निकाल लावण्याची सोय झाली. १९८० साली ब्यॉर्न बोर्ग व जॉन मॅकेन्रो यांच्या अंतिम सामन्यात चौथ्या सेटचा टायब्रेकर १८-१६ असा मॅकेन्रोने जिंकला होता, आणि तरीही पाचवा सेट ८-६ घेऊन बोर्गने ओळीने पाचवे विजेतेपद मिळविले. ज्यांनी तो पाहिला ते आजही त्याचीच कथा सांगतात, आणि नव्या पिढीने २००८ मध्ये नडालने फेडररवर अंधार पडता पडता मिळविलेला ९-७ चा विजय समोर ठेविला, तर त्यांचा वाद मिटत नाही. तो मिटविण्याचे कारणही नाही.

आता हिरवळीकडे वळावयाचे. टेनिसचे मैदान मातीचे असते, सिमेंटसारख्या कठीण द्रव्याचे असते आणि गवताचे असते. माती चेंडूस धरून ठेवते. चेंडूची गती मंदावते आणि तो उंच उसळतो. गवताच्या पातीवरून चेंडू घसरतो. त्याची पुढे जाण्याची गती फारशी कमी होत नाही आणि उसळी बेताची राहते. म्हणून मातीवर जो फटका खेळाडूच्या खांद्याशी येतो, तोच गवतावर गुडघ्याशी येतो, आणि तोही लवकर येतो. त्यामुळे जोरकस सर्व्हिस करून तडक जाळ्याकडे धावणाऱ्यास गवत अनुकूल असे.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, गवत सजीव आहे. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी ते रसरशीत व ओलसर असते आणि चांगले चांगले खेळाडू त्यावर घसरून पडतात. दुसऱ्या आठवड्यात मागच्या रेषेपाशी ते झिजून माती उघडी पडते, आणि चेंडू कोठे कसा उसळेल याचा भरवसा राहत नाही. म्हणजे अंतिम सामना ज्या मैदानावर होतो ते पहिल्या फेरीचे मैदान नव्हेच. पूर्वी सगळेच जाळ्याकडे धावत, तेव्हा मागच्या रेषेपासून जाळ्यापर्यंत एक वाटच पडलेली दिसे. आता ती दिसत नाही. याचे एक कारण बियाण्यात आहे. पूर्वी राय जातीच्या गवतात फेस्क्यू नावाचे दुसरे गवत मिसळीत. २००१ च्या सुमारास केवळ रायगवत पेरण्याचे ठरले, कारण ते अधिक चिवट. जमीनही अधिक टणक राखली जाऊ लागली. २००१ चा अंतिम सामना गोरान इवानिसेविच व पॅट्रिक राफ्टर यांच्यात झाला, दोघेही सर्व्हिस करून पुढे धावणारे. २००२ चा लेटन ह्यूइट व डेव्हिड नालबंडियन यांच्यात झाला, दोघेही मागच्या रेषेवरून खेळणारे. एका वर्षात युगच पालटले असे वाटावे. अर्थात साराच दोष किंवा गुण बियाण्याचा नव्हे. रॅकेट व तिची तात यांतही तोवर मोठी सुधारणा झाली होती.

हे गवत आठ मिलिमीटर उंचीवर राखतात. मधले मुख्य मैदान वर्षभरात या पंधरवड्याखेरीज जवळजवळ कोणी वापरीत नाही. पाऊस आला की ताडपत्री ओढतात; २००९ पासून मुख्य मैदानावर सरकते छप्परही आहे. कबुतरांनी बी टिपू नये म्हणून एक पाळीव ससाणा फिरवितात. एवढी मिजास पुरविणे ज्यांस परवडत नाही त्यांनी गवत सोडले. १९७४ पर्यंत जगातील चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन गवतावर होत. अमेरिकेने त्यानंतर सोडले, ऑस्ट्रेलियाने १९८८ साली.

आपल्या देशात टेनिस आले तेही गवतावरच आले. मात्र येथील गवत निराळे. विलायती रायगवत आपल्या उन्हाळ्यात जगत नाही. येथे मैदानास लावतात ती हरळी, म्हणजेच गणपतीला वाहतो ती दूर्वा. ती उन्हाला भीत नाही आणि रुळाखाली दबली तरी पुन्हा पसरते. पावसाचे चार महिने मैदाने बंद ठेवून स्पर्धा हिवाळ्यात भरत. १९१० साली अलाहाबादेस अखिल भारतीय स्पर्धेस आरंभ झाला. मुंबईत क्लब व जिमखाने पुष्कळ होते, परंतु कित्येकांचे दरवाजे हिंदी माणसास बंद असत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस विलिंग्डन क्लब निघाला तो गोरे व हिंदी अशा दोघांसाठी होता, आणि तेव्हा ही मोठी नवलाई मानली गेली. पुरुषांची ही स्थिती. स्त्रियांची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

अशा काळात मुंबईतील डॉक्टर राघवेंद्र राव यांच्या घरी टेनिसचे वेड शिरले. त्यांच्या पत्नी पंडिता क्षमाबाई राव. यांचा जन्म १८९० साली पुण्यास झाला. वडील शंकर पांडुरंग पंडित हे संस्कृतचे थोर व्यासंगी. अथर्ववेदाची सायणभाष्यासह आवृत्ती त्यांनी सिद्ध केली, आणि १८६९ ची इंदुप्रकाशची तुकारामाची गाथा त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. क्षमाबाई जेमतेम चार वर्षांच्या असताना ते वारले. तथापि त्यांची विद्या कन्येकडे आली. १९३० च्या सत्याग्रहावर क्षमाबाईंनी संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिली, ती १९३२ साली पॅरिस येथे छापली गेली. पुढे तुकाराम, रामदास व ज्ञानेश्वर यांची चरित्रेही त्यांनी संस्कृत पद्यात रचिली. आणि ही सारी काव्यरचना करणाऱ्या बाई मुंबई इलाख्यात टेनिसपटू म्हणूनही नावाजलेल्या होत्या. अनुष्टुभ रचणारी लेखणी आणि रॅकेट एकाच हातात शोभावी, याचे त्या काळी कित्येकांस आश्चर्य वाटले असेल. आजही थोडे वाटते, आणि ते वाटते यातच आपल्या शिक्षणाची उणीव दिसते.

लीला राव या त्यांच्या कन्या, जन्म १९११ चा. घरात आईच खेळत असल्यामुळे ‘मुलीने कशास खेळावे’ हा प्रश्न त्या घरात निघालाच नाही. १९३१ साली लीलाबाईंनी अखिल भारतीय स्पर्धेत स्त्रियांचे एकेरीचे पद जिंकले, आणि पुढील दहाबारा वर्षांत ते अनेक वेळा मिळविले. १९३४ च्या उन्हाळ्यात त्या विंबल्डनला उतरल्या. पहिल्या फेरीत त्यांनी ग्लॅडिस साउथवेल या इंग्रज खेळाडूस तीन सेटमध्ये हरविले. विंबल्डनच्या स्पर्धेत सामना जिंकणारी ही पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफने त्यांना, तेही तीन सेटपर्यंत झुंज देऊ दिल्यानंतरच, हरविले. पुढच्या वर्षी त्या पुन्हा गेल्या, परंतु पहिल्या फेरीत एव्हलिन डिअरमनपुढे त्यांचे चालले नाही.

त्या वर्षीचे अंतिम सामने इंग्लंडने डोक्यावर घेतले. फ्रेड पेरीने जॅक क्रॉफर्डला हरवून आपले पहिले विजेतेपद मिळविले, आणि डोरोथी राउंडने हेलन जेकब्सला हरविले. घरच्या मैदानावर घरचीच दोन्ही माणसे विजयी. त्या उत्सवात पहिल्या फेरीतील एका हिंदी मुलीच्या विजयाची नोंद कोण ठेवणार? आता या विजयाचे मोल पाहा. समोरची खेळाडू त्याच हवेत, त्याच गवतावर वाढलेली. लीलाबाईंना समुद्रप्रवास करून जावयाचे. हरळीवर तयार झालेले पाय रायगवतावर, इंग्लंडच्या ओलसर हवेत टाकावयाचे. आणि पहिला सेट कोणाकडेही गेला तरी तिसऱ्यापर्यंत दम राखून तो जिंकावयाचा. मागे वळून कोणास विचारावे, तर आधी कोणी भारतीय स्त्री या वाटेने जिंकून गेलेली नाही. लाँग्लेनला मातीवरून गवतावर यावे लागले, परंतु तिला फक्त एक अरुंद समुद्र ओलांडावा लागला होता.

लीलाबाईंचा पुढील आयुष्यक्रमही आईस शोभेसाच झाला. मुत्सद्दी हरीश्वर दयाळ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नृत्यशास्त्रावर त्यांनी ग्रंथ लिहिले, आणि आईच्या कथांवरून संस्कृत नाटके रचली. संस्कृतच्या अभ्यासकांना त्या ठाऊक असतात, टेनिसच्या अभ्यासकांना ठाऊक असतात. मात्र एकाचे ज्ञान दुसऱ्यास क्वचितच असते.

त्यांच्यानंतर भारतीय पुरुषांनी विंबल्डनच्या हिरवळीवर मोठी मजल मारली. गौस महंमद १९३९ साली शेवटच्या आठांत पोहोचले. रामनाथन् कृष्णन् १९६० व १९६१ अशी दोन वर्षे उपांत्य फेरीत गेले. एकदा नील फ्रेझरने आणि एकदा रॉड लेव्हरने त्यांस हरविले, आणि दोन्ही वेळा हरविणाराच पुढे विजेता झाला. एकेरीच्या अंतिम सामन्यात मात्र आजवर एकही भारतीय खेळलेला नाही. दुहेरीत १९९९ साली लिअँडर पेस व महेश भूपती यांनी पुरुषांचे पद मिळविले. २०१५ साली मुंबईत जन्मलेल्या व हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाने मार्टिना हिंगिसच्या जोडीने स्त्रियांची दुहेरी जिंकली. तिसऱ्या सेटमध्ये २-५ असे मागे असताना.

भारतीय खेळाडू गवतावर बलवान होते याचे कारण ते गवतावर वाढले होते. याचा पुरावा १९८७ च्या डेव्हिस चषकात एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी मिळतो. उपांत्य सामन्यात भारताने सिडनी येथे, गवतावर, खुद्द ऑस्ट्रेलियास ३-२ असे हरविले. अंतिम सामना स्वीडनमध्ये होता. यजमानांनी बंद सभागृहात मातीचे मैदान घातले, आणि तेच खेळाडू ०-५ असे हरले. पुढे हेही बळ ओसरले. २०१९ साली कलकत्त्याच्या साउथ क्लबच्या हिरवळीवर इटलीस बोलावून भारत १-३ असा हरला. २०२२ साली दिल्लीच्या हिरवळीवर डेन्मार्कला ४-० असे हरविले खरे. परंतु आता आपल्याकडे हिरवळ म्हणजे पाहुण्यास गोंधळात टाकण्यासाठी राखलेले अस्त्र झाले आहे, रोजच्या सरावाची जागा राहिलेली नाही.

महाराष्ट्रात तर चित्र स्पष्ट आहे. पुण्याजवळ बालेवाडीस १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी मोठे क्रीडासंकुल उभे राहिले, आणि २०१८ पासून २०२३ पर्यंत, २०२१ चा अपवाद सोडता, पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तेथे दरसाल झाली. मैदाने सारी कठीण पृष्ठभागाची. यात दुःख मानण्यापूर्वी दुसरी बाजू पाहिली पाहिजे. गवताचे मैदान दिवसातून थोडेच तास खेळू देते. त्यास पाणी, माळी आणि विसावा लागतो, आणि कोकणच्या पावसात ते चार महिने झाकूनच ठेवावे लागते. शाळेतून सुटल्यावर रोज तासभर खेळू पाहणाऱ्या मध्यम स्थितीतील मुलीस असले मैदान कोण देणार? सिमेंटच्या मैदानाने क्लबाच्या भिंतीबाहेर टेनिस आणले, आणि लीलाबाईंच्या काळी जे एखाद्याच घरास शक्य होते ते पुष्कळ घरांस शक्य केले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविणारी महाराष्ट्राची ऋतुजा भोसले याच कठीण मैदानांवर घडली.

तेव्हा पुढे नेरूळची किंवा पुण्याची एखादी मुलगी विंबल्डनला गेलीच, तर तिची अडचण लीलाबाईंच्या अडचणीहून वेगळी असेल. तिला विमानाने एका दिवसात पोहोचता येईल, सोबत शिक्षक असेल, क्लबाच्या दारावर कोणी अडविणार नाही. परंतु गवत तिच्या पायाखाली पूर्वी आलेलेच नसेल. फ्रान्समधील मातीवरची स्पर्धा संपल्यापासून विंबल्डन सुरू होईपर्यंत २०१५ पूर्वी दोनच आठवडे मिळत, आता तीन मिळतात. गुडघे वाकवून खालून येणारा चेंडू घ्यावयास, लहान पावलांनी धावावयास आणि घसरल्यावर सावरावयास तिने जे काही शिकावयाचे, ते त्या तीन आठवड्यांतच शिकले पाहिजे.